धूर दिसता कामा नये

“मी काय आंधळी हाय? लंगडी हाय? दोन हात, दोन पाय, दाढा सोडल्या तर दात पन शाबूत हायत. अपंगांच्या रांगेत उभं ऱ्हावून दाखवू काय गो मी त्यांना?”

“मन दाखव.”

“त्ये काय कनवटीला लावलेलं असतं, सोडून दाखवायला?”

काशीनं हे तोंडावरची गोधडी न काढताच विचारलं. उंबऱ्यात तिची थोरली जाव सोनूबाई उभी होती. एका हातात झाकलेलं ताट, दुसऱ्या हातात चपलेनं मारलेला विंचू शेपटीला धरून. विंचू तिनं खळ्यात भिरकावला आणि ताट काशीच्या उशाशी ठेवलं.

“जेव. आनि येत्या बुधवारी माज्याबरबर मुकाट रत्नागिरीला चल. आशाताई वेदिका बोलली, आता मनाचं आजारपन पन सरकार अपंगात धरतंय. चाळीस टक्क्यांच्या वर आजारी निघालीस तर अनुदान मिळंल, एस्टीचं भाडं कमी व्हयल.”

“आनि चाळिसाच्या खाली निघालं तर?”

“तर धाकू भावजी हायतच, मुंबयला न्ह्यायला.”

गोधडी आणखी वर ओढली गेली.

पालीच्या बाजारपेठेपासून आत, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, पायथ्याशी ही वाडी. वाडीतली माणसं सकाळी उठल्यावर देवाकडे नंतर बघतात, आधी शेजाऱ्याच्या कौलांकडे बघतात. कुणाच्या घरातून धूर आला, कुणाच्या आला नाही, कुणाचा उशिरा आला. गॅसच्या टाक्या आता घरोघरी आहेत, पण त्यांच्यावर चहा होतो आणि पाहुणा आला की पोहे. अंघोळीचं पाणी, भात, भाकरी सगळं चुलीवर. तेव्हा ज्या घरावर धूर नाही त्या घरात एकतर मयत झालं किंवा त्या घरची बाई आळशी, असा सरळ हिशेब. तिसरं कारण वाडीला ठाऊक नव्हतं.

आणि काशीचा धूर वाडीत सगळ्यांच्या आधी निघायचा. लग्न होऊन आली त्या दिवसापासून. वाडीतल्या सासवा आपापल्या सुनांना उठवायच्या त्या “काशीच्या कौलावर बघ” असं म्हणून. सुनांनी तिला किती शिव्या दिल्या असतील त्या देवालाच माहीत. भातलावणीत दोन बायांची कामं एकटी करायची, आंब्याच्या दिवसांत कलमांच्या बागेत पेट्या भरायला जायची, आणि संध्याकाळी येऊन वर भांडायलाही तिच्या अंगात ताकद उरलेली असायची.

मग गेल्या साली शिमगा झाला, पालखी घरी येऊन गेली, नवस फेडले, पाहुणे गेले, आणि एका सकाळी काशीच्या कौलांवर धूर दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दिसला नाही. पुढेही दिसला नाही.

धड कारण असतं तरी वाडीनं सोसलं असतं. कुणी मेलं नव्हतं. गोठा जळला नव्हता. एकुलती मुलगी शमिका चिपळुणात दिलेली, तिचं चांगलं चाललेलं. नवरा धाकू मुंबईत एका गोदामावर राखणीला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. त्यानं तिकडे दुसरी ठेवली असणार, असं दोघीतिघींनी सुचवून पाहिलं. पण धाकूला ओळखणाऱ्यांनी ते टिकू दिलं नाही. ज्याला पहिलीची आठवण वर्षातून दोनदा येते तो दुसरी कुठून सांभाळणार?

मग देवाला विचारलं. गुरवानं कौल लावला, पाकळ्या पडल्या, आणि देव बोलला की घराच्या मागल्या हद्दीतल्या राखणदाराचा मान चुकलाय. मान म्हणून कोंबडा आणि नारळ दिला. कोंबडा गुरवानं आणि मानकऱ्यांनी खाल्ला. त्यांना फार बरं वाटलं.

काशीला वाटलं नाही तेव्हा सोनूबाईनं तिला रत्नागिरीला नेली. ह्या जिल्ह्यात ‘रत्नागिरीला नेली’ एवढं म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही, नुसती मान हलवतो. शाळेतली पोरंसुद्धा भांडताना एकमेकांना तिकडेच, वेड्यांच्या इस्पितळात, धाडतात. तिथं डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, डिप्रेशन, आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी एवढं झालं की काशी उठून अंघोळ करू लागली, उनं उतरली की पडवीत येऊन बसू लागली, उगाचच्या उगाच रडायची ते थांबलं. चूल मात्र पेटली नाही. ती चुलीपुढे बसायची. हात काडीपेटीकडे निघायचा आणि अर्ध्या वाटेत थांबायचा. कशाला निघालोय ते त्याला ठाऊक असायचं. पण पटायचं नाही.

तेव्हापासून सोनूबाई आपल्या दोन भाकऱ्यांच्या चार करत होती. तिचा नवरा शिवा, म्हणजे धाकूचा थोरला भाऊ, कधीच देवाघरी गेलेला. विधवेचं अनुदान तिला मिळत होतं, म्हणून सरकारी कचेऱ्यांचे उंबरे तिला पाठ होते. “माजं सोपं होतं,” ती आशाताई वेदिकाला म्हणाली. “घोव मेला, मयताचा दाखला घेतला, पैशे सुरू. हिचं नुसतं मन मेलंय. त्येचा दाखला कुठला ग्रामसेवक देयल?”

धाकूचा फोन दर रविवारी यायचा.

“काय, बराय मा?”

“बराय.”

“जेवलीस?”

“जेवलं.”

“मंग ठेवतंय.”

ह्यावरून धाकूनं असं ठरवलं होतं की बायकोला काही झालेलं नाही. सोनूबाईनं त्याला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “वैनी, ती मला सोताच्या तोंडानं बराय बोलते. एस्टीत बसून जायचं, गोळ्या आनायच्या, त्या खावून झोपायचं, ह्या नाटकांना मी कंदीपर्यंत पैशे धाडू? सरकारनं लिवून दिलान का ही आजारी हाय, तर मानीन. नायतर गणपती झाले की हिला हितं आनतंय. चार घरची धुनीभांडी केलीन की आपोआप सुधरंल. त्या गोळ्या पन बंद.”

म्हणजे आता गोष्ट अशी होती. काशी आजारी आहे हे काशीला ठाऊक होतं, सोनूबाईला ठाऊक होतं, डॉक्टरला ठाऊक होतं. पण ते खरं व्हायला चाळीस टक्के पाहिजे होते.

बुधवारी पहाटे वेदिका बजावून गेली, “काकी, जशा हायत तशा न्या त्यांना. आनि विचारतील त्येचं खरं खरं सांगा.”

“जशी हाय तशी?” वेदिका पाखाडीच्या पायऱ्या उतरून दिसेनाशी झाल्यावर सोनूबाई म्हणाली. “अगो, तशी ती घरात. चार मानसांत असं न्हेतात काय कुनाला? मयताला पन आंगूळ घालून न्हेतात.”

तिनं काशीला न्हाऊ घातलं. केसांना खोबरेल चोपडून घट्ट अंबाडा बांधला. शमिकानं दिलेलं जांभळं लुगडं नेसवलं, हातात हिरव्या बांगड्या भरल्या. शेजारीण आली आणि ताज्या सुरंगीचा गजरा माळून गेली. जाताना “दिष्ट लागंल गो” म्हणाली. सोनूबाईनं डॉक्टरसाठी पिशवीत शेरभर कोकमाची सोलं घेतली. रिकाम्या हातानं कुणाकडे जायचं नसतं, मग तो आजारी ठरवणारा असला तरी. काशी ह्या सगळ्यात लाकडी बाहुलीसारखी उभी होती. सजवून तपासणाऱ्यांपुढे न्यायचं हे तिला नवीन नव्हतं. धाकूकडची माणसं बघायला आली होती तेव्हाही असंच सजवलं होतं, आणि तेव्हाही निकाल दुसऱ्यांनीच लावला होता.

रत्नागिरीच्या इस्पितळात तपासणीच्या खोलीबाहेर रांग होती. आंधळे, पांगळे, एक कुबडा म्हातारा, आईच्या कडेवर बसायचं वय उलटून गेलेलं एक पोर. प्रत्येकाचं दुखणं लांबूनच दिसत होतं. त्यांच्यामध्ये काशी, दोन हात दोन पाय आणि सुरंगीचा वास घेऊन. तिला असं वाटलं की भर पंगतीत आपण जेवून येऊन पुन्हा पान मांडून बसलोय.

पुढे एका कुबडीवर टेकलेला मनुष्य होता. त्यानं वळून वास घेतला आणि मग माणसं बघितली.

“हर्ण्याचा जैनुद्दीन,” त्यानं आपण होऊन सांगितलं. “बोटीवर होतो. जाळं ओढायच्या चाकात पाय दिला. तुमचं काय?”

काशीनं पदर पुढे ओढला. सोनूबाई म्हणाली, “हिचं मनाचं हाय.”

जैनुद्दीननं गजरा बघितला, बांगड्या बघितल्या, लुगड्याचा काठ बघितला.

“भाभी, राग नका मानू. तुमी लग्नाला निघाल्यावानी दिसताव. माझा पाय मुळापासून गेलाय, तरी जुना कागद बदलून कार्ड द्यायचं तर म्हणतात, समक्ष या. म्हणजे पाय परत फुटला की काय ते बघणार. हर्ण्यापासून तीन गाड्या बदलून मी नसलेला पाय दाखवायला आलोय. तुमचं तर सगळं जागच्या जागी. निदान गजरा तरी काढा.”

“गजरा काढायला काय झालं?” सोनूबाई उसळली. “तिचं कुकू जितं हाय!”

“अहो, कुंकवाला मी काय बोललो? अल्ला त्याला शंभर वर्षं देवो. मी टक्क्यांचं बोलतोय.”

“टक्के गजऱ्यावर देतात काय?”

“नाय देत,” जैनुद्दीन म्हणाला. “पण कापतात.”

काशीचं नाव पुकारलं गेलं.

खोलीत टेबलामागे डॉक्टर, बाजूला संगणकापुढे कारकून, आणखी एक कागद चाळणारे गृहस्थ, दाराशी शिपाई. दार सताड उघडं. रांगेतली माणसं दारात गोळा झालेली, म्हणजे आत काय चाललंय ते कुणाच्या कानाआड जाऊ नये. डॉक्टर तरुण होता, घाटावरचा, बोलायला मऊ. सकाळपासून किती माणसं तपासली असतील ते त्याच्या डोळ्यांखाली दिसत होतं. सोलांची पिशवी त्यानं नमस्कार करून परत केली.

“बसा ताई. गोळ्या चालू आहेत ना? आता कसं आहे?”

“बराय,” काशी म्हणाली.

सोनूबाईनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. पण ‘कसं आहे’ ह्या प्रश्नाला दुसरं उत्तर असतं हे काशीला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. तिरडीवर निजलेला मनुष्यसुद्धा ह्या मुलखात ‘बराय’ म्हणूनच पुढे जातो.

“झोप लागते?”

“लागते.”

“घरातलं काम कोण करतं?”

काशीनं वर बघितलं. तीन पुरुष, चौथा शिपाई. दारात सगळी रांग. तिला एकदम आपल्या घराची कौलं दिसली, कोरडी, बिनधुराची, आणि त्यांच्याकडे टक लावून बघणारी अख्खी वाडी.

“मीच,” ती म्हणाली.

“स्वयंपाक?”

“मीच की. दुसरं कोन हाय करायला?” आणि वर्षभर जे तोंड जावेखेरीज कुणापुढे दोन शब्दांच्या वर उघडलं नव्हतं ते उघडलं ते बंदच होईना. “कोंबडं आरवायच्या आदी उठतंय. खळं झाडतंय. चूल पेटवतंय, पान्याचं तपेलं चढवतंय. तोवर इरीवर जावून पान्याच्या दोन खेपा आनतंय. मंग भाकरी. वायलावर कुळथाची पिठी नायतर सुक्या बांगड्याचं तिकलं. भांडी घासतंय राखेनं, मला त्या साबनाचा वास आवडत नाय. मंग लाकडं. बागेत काम असलं तर बागेत. सांच्याला परत चूल.”

त्यातलं एकेक वाक्य खरं होतं. फक्त गेल्याच्या गेल्या सालातलं होतं.

डॉक्टरनं सोनूबाईकडे बघितलं. “खरं का, काकी?”

आता सोनूबाईनं बोलायचं होतं. त्यासाठीच ती आली होती, एस्टीत सगळं पाठ करून आली होती. पण डॉक्टरनं विचारलं ते चार परक्या पुरुषांपुढे, आणि विचारलं ते तिच्या घरच्या सुनेबद्दल. सासरच्या अब्रूचा प्रश्न आला तिथे सोनूबाईची जीभ तिच्या हुकमात राहिली नाही.

“खरं म्हंजे काय!” ती म्हणाली. “हिच्या हातची भाकरी, डाक्टर, अशी पापुद्र्याची, आक्क्या वाडीत कुनाला जमत नाय. पावनं आलं की मला पन हिलाच हाक मारायला लागते.”

“वा!” डॉक्टर मनापासून हसला. कुणीतरी बरं झालेलं त्याला क्वचितच भेटत असावं. “औषध चांगलं लागू पडलंय. असंच चालू ठेवा.” त्यानं कागदावर खुणा केल्या, बेरीज केली. “तीस टक्के. आजार सौम्य आहे, ताई. आनंदाची गोष्ट आहे. चाळीसच्या खाली दाखला अनुदानाला चालत नाही, पण तुम्हाला त्याची गरजही दिसत नाही. बाहेर बसा. ह्यांचा सर्व्हर बसलाय, तो उठला की कागद मिळेल.”

बाहेर बाकड्यावर दोघी जावा शेजारी बसल्या.

“भाकरी पापुद्र्याची?” काशी म्हणाली.

“तू इरीच्या दोन खेपा आनल्यास त्या?”

“मी काय सांगनार होतं? परक्या बाप्यांपुढं? माजी चूल पेटत नाय म्हनून?”

“मंग मी काय सांगनार होतं? आमची सून जावेच्या जिवावर खाते म्हनून?”

जैनुद्दीननं सगळं ऐकलं होतं. तो इतका हसला की कुबडी निसटून खाली पडली. “भाभी, शाळेत पस्तिसाला पास करतात. इथं तुमी उत्तरं चांगली दिलीत म्हणून नापास झालात!” मग कुबडी उचलता उचलता त्याचं हसणं उतरलं. “माझं सोपं आहे. मी खोटं बोललो तरी पाय दिसत नाय तो दिसतच नाय. तुमचं तुमाला सांगावं लागणार. दुसरं कोण सांगणार नाय.”

“आता काय सांगनार? लिवलान त्येनं.”

“लिहिलं कागदावर. कंप्युटरात कुठं गेलंय? सर्व्हर बसलाय ना?”

बसलेल्या सर्व्हरनं आजवर किती जणांना हेलपाटे घालायला लावले असतील त्याची गणती नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच तो कुणाच्या तरी उपयोगी पडायला बसला होता.

काशी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर तिला मुंबईतली धाकूची खोली दिसली. एकदा गेली होती ती तिथे, सहा बाप्ये आळीपाळीनं झोपायचे. मग चार घरच्या मोऱ्या दिसल्या. मग गोळ्यांची रिकामी पाकिटं. तिला रडू आलं नाही. रडू आलं असतं तरी बरं झालं असतं, ते टक्क्यांत धरलं असतं. तिनं अंबाड्यातला गजरा ओढून काढला, सोनूबाईच्या ओटीत टाकला आणि उठून आत गेली.

“डाक्टर, मगाशी सांगितलं त्ये खोटं होतं.”

कारकुनानं मान वर केली. शिपायानं “नंबरानं या” म्हणायला तोंड उघडलं. रांगेत तर बहिरे सोडून सगळ्यांनी कान टवकारले.

“माजी चूल पेटत नाय. गेल्या साली शिमगा झाला तवापासनं. ह्या जावेच्या भाकरीवर जगतंय. केस हिनं इंचारले, लुगडं हिनं नेसवलान. मी नुसती उभी होतं. काम दिसतंय मला, पन हात जात नाय. लोकं बोलतात आळस. आळस असता तर त्यात कायतरी सुख असतं, डाक्टर.” ती थांबली. हे एवढं बोलायला तिला लावणीच्या दिवसाइतकी दमणूक झाली होती. पण आता निघालीच होती तर सगळंच. “आनि इरीवर मी जात नाय. मुद्दाम जात नाय. पान्याकडं बघितलं का बरं वाटतं, म्हनून.”

दारात उभ्या सोनूबाईला हे ठाऊक नव्हतं. तिच्या हातातून सोलांची पिशवी खाली पडली.

डॉक्टरनं पेन ठेवलं. “दार लावा,” तो शिपायाला म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा ते दार लागलं.

आत बराच वेळ गेला. रांगेनं पुष्कळ कुरकुर केली. दार उघडलं तेव्हा काशी आधी होती तशीच होती, पण डॉक्टर खुर्ची ओढून टेबलाच्या ह्या बाजूला येऊन बसलेला होता. त्यानं सोनूबाईला आत बोलावून घेतलं, गोळी बदलली, विहिरीकडे लक्ष ठेवायला सांगितलं, रात्री-अपरात्री लागला तर एक नंबर लिहून दिला. आणि जुना कागद फाडून नवा केला. दुपारी सर्व्हर उठला. दाखला हातात आला तो चाळीसच्या वरचा.

“मुबारक, भाभी!” जैनुद्दीन ओरडला. त्याचंही कार्ड झालं होतं. पाय परत आलेला नाही याची सरकारची खात्री पटली होती. त्यानं कुबडी उंचावून असा आनंद दाखवला की जणू काशीला मुलगा झाला.

एस्टीत सोनूबाई खिडकीशी बसली होती. पाली येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, “पानी यापुढं पन मीच आनीन. तू इरीकडं गेलीस तर तंगडं मोडून ठेवीन. मंग दुसरा दाखला आपसूक मिळंल.”

“बराय,” काशी म्हणाली.

वाडीत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. जी माणसं वर्षभर नाटकं म्हणत होती ती दुसऱ्या दिवशी पडवीत येऊन बसली. “आमी पयल्यापासनं बोलत होतो, बाय आजारी हाय.” सरकारी शिक्क्याची कमालच अशी की तो कागदावर उठतो आणि माणसांना मागची वर्षं आठवायला लागतात. गजरा माळणाऱ्या शेजारणीनं आपल्या सुनेला कितीसं डिप्रेशन निघेल ते विचारून घेतलं, कारण ती पण सकाळी लवकर उठत नव्हती. गुरवानं राखणदाराला श्रेय दिलं.

धाकूनं रविवारी फोन केला. “किती निघाले? पंचेचाळीस? थोडं अजून सांगायचं होतंस गो. पंचात्तर तरी न्ह्यायचे.” मग जरा वेळ फोनमध्ये नुसती गोदामाची गडबड ऐकू आली. “बरं, सरकार बोलतंय तर ऱ्हा तिकडंच. गोळ्या खा.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्यानं गोळ्या खा म्हणून सांगितल्याची ही पहिलीच वेळ. काशीनं ते सोनूबाईला सांगितलं. सोनूबाई म्हणाली, “त्येला पन दाखव जरा कुनाला तरी.”

पण दाखला म्हणजे अनुदान नव्हे. दाखला झाला की अर्ज, अर्ज झाला की चौकशी. तलाठी घरी येऊन बघून जाणार होता. कधी येईल ते तलाठ्यालाही ठाऊक नव्हतं. शिवाय दाखला मुदतीचा होता, मुदत संपली की पुन्हा तपासणी. सोनूबाईनं काशीला समोर बसवून समजावलं.

“हे बघ, काशे. गोळ्या टायमावर खायच्या. पन तलाठी येवून जाईपर्यंत बरी होव नकोस.”

“माज्या हातात हाय काय त्ये?”

“आजारी पडायचं नव्हतं हातात. बरं व्हायचं तरी जरा दमानं घे.”

आषाढ आला, लावण्या सुरू झाल्या. वाडी दिवसभर चिखलात. सोनूबाई आपला तुकडा लावून दुसऱ्यांच्यात पैऱ्याला, म्हणजे कामाला काम फेडायला, जात होती, इरलं घेऊन पहाटे निघायची ती काळोखात परतायची. तरी भाकरीचं ताट चुकवत नव्हती. आणि एका सकाळी ताट आलं नाही.

काशी बराच वेळ निजून राहिली. मग उठली. पावसाची उघडीप होती. सोनूबाईच्या कौलांकडे तिनं बघितलं, तर धूर नव्हता. वाडी शेतावर गेलेली, त्यामुळे बघायला दुसरं कुणी नव्हतं. काशी मधला गडगा ओलांडून गेली. सोनूबाई माजघरात कांबळं लपेटून कुडकुडत पडलेली, अंग तापलेलं.

“काय गो?”

“काय नाय. बराय,” सोनूबाई म्हणाली.

काशी परत आपल्या घरात आली. चुलीपुढे बसली. हात काडीपेटीकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला. तिनं त्याला थांबू दिला. घाई नव्हती. मग तो पुढे गेला. पहिली काडी दमट निघाली, दुसरी मोडली, तिसरी पेटली. सव्वा वर्ष पडून असलेल्या चुलीत उंदरानं घरटं केलेलं. ते आधी पेटलं आणि त्याची घाण सगळ्या घरभर झाली. ओली लाकडं धुमसू लागली. तिनं तांदूळ धुऊन टोपात टाकले, पाणी घातलं आणि फुंकणी तोंडाला लावली.

कौलांतून धूर असा निघाला की घर पेटल्यासारखं वाटावं.

“काशे!” पलीकडून तापातली हाक आली. “काशे, धूर! मेले, धूर दिसतोय! आज तलाठी आला म्हंजे?”

“येव दे!”

“इजव ती चूल! वर्साची मेहनत हाय माजी!”

काशी फुंकत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते धुराचं होतं. उगाच दुसरं काही समजायचं कारण नाही. फुंकता फुंकता मध्येच तिचं मन कुठेतरी निघून गेलं, नेहमी जायचं तसं, आणि परत आलं तेव्हा करपल्याचा वास सुटला होता. तिनं टोप उतरवला, वरची वरची पेज वाडग्यात ओतली, मीठ घातलं, लोणच्याची फोड ठेवली आणि गडग्यापलीकडे नेली.

सोनूबाईनं उठून बसून एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. पेजेत तरंगणारे काळे कण बोटानं बाजूला सारले, आणखी एक घोट घेतला. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

“करपवलीस गो!”

“व्हय.”

“लय करपवलीस. पार वाट लावलीस.” तिनं समाधानानं वाडगा मांडीवर ठेवला. “देव पावला. आजारीच हायस. तलाठी आला तर ह्येच वाढ त्येला.”

“उद्याचं काय सांगत नाय,” काशी म्हणाली. “उद्या पेटंल का नाय, माहीत नाय.”

“उद्याचं कोन इचारतंय? गोळी घेतलीस?”

“घेतली.”

“मंग जा. टोप घास, नायतर बुड धरंल.”

काशी गडगा ओलांडून परत आली. करपलेला टोप मागच्या दारी नेला, चुलीतली मूठभर राख आणली, नारळाची किशी घेतली आणि उकिडवी बसून बुड खरवडायला लागली.